दिवसा धावणारा, रात्री अडकणारा प्रोग्राम

नाशिकच्या गंगापूर रोडवर उदोजी मराठा बोर्डिंगच्या आवारात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि हाच रस्ता पुढे द्राक्षमळ्यांकडे जातो. इथल्या विद्यार्थ्याने शेवटच्या वर्षाला बागेतला ओलावा मोजायचा प्रोजेक्ट घेतला तर नवल नाही. समजा, घेतला. सेन्सर एमक्यूटीटी या निरोपांच्या प्रोटोकॉलवरून आकडे पाठवतो, पायथनचा प्रोग्राम ते वेबपानावर दाखवतो आणि ओलावा घटला की मोबाइलवर इशारा देतो. सादरीकरणात सगळं झकास. प्रत्यक्षात रात्रीचा इशारा येतो सकाळी, कुणी पान उघडल्यावर!

चूक सेन्सरची नाही, असिंकआयओवर लिहिलेल्या प्रोग्रामची आहे. २०१४ मध्ये पायथन ३.४ सोबत आलेल्या या लायब्ररीचा इव्हेंट लूप एकाच थ्रेडवर चालतो आणि हाताला काम नसलं की लिनक्सच्या ईपोल यंत्रणेत झोपतो. नेटवर्कवर हालचाल झाली किंवा टायमर संपला, तरच उठतो. एमक्यूटीटीची पाहो लायब्ररी मात्र सहसा स्वतःच्या वेगळ्या थ्रेडमध्ये निरोप घेते. तिथून लूपचं साधं ‘कॉल सून’ फंक्शन वापरलं की काम रांगेत लागतं, पण लूपला पत्ता नसतो. पत्र पेटीत पडलं, कडी वाजलीच नाही. दिवसा ब्राउझरच्या वर्दळीने लूप जागा राहतो, म्हणून दोष झाकला जातो.

यावर उपाय ‘कॉल सून थ्रेडसेफ’. ते काम रांगेत लावतं आणि लूप ज्या सॉकेटवर नजर ठेवून असतो, त्यात एक बाइट टाकतं. तेवढ्याने झोप मोडते. नोड.जेएसच्या लिबयूव्ही लायब्ररीलाही याच कामासाठी वेगळं फंक्शन द्यावं लागलं आहे.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला म्यूटेक्स आणि सेमाफोर घोटून घेतात, ते योग्यच. पण त्यामुळे थ्रेडची कुरबूर दिसली की विद्यार्थी आधी कुलूप लावतो. म्यूटेक्सने रांग सांभाळली जाईल, झोपलेला लूप उठणार नाही. प्रात्यक्षिकांत झोपलेला लूप उठवण्याचाही एक प्रयोग यायलाच हवा.

खर्चही शून्य. असिंकआयओचा डीबग मोड चालू केला की परक्या थ्रेडमधून आलेलं ‘कॉल सून’ गुपचूप न स्वीकारता थेट एरर येते. तो मोड प्रोग्रामची गती कमी करतो खरा. प्रयोगशाळेत कुणाला घाई आहे? परीक्षकांनीही पान बंद करून, कीबोर्डला कुणाला हात लावू न देता सेन्सर मातीतून उपसावा आणि मोबाइल कधी वाजतो ते पाहावं.