कोकणात कयाकिंग-कॅम्पिंगला निघालात? पैसे भरण्याआधी हे तीन प्रश्न विचारा

रहाटणीतून शुक्रवारी रात्री निघायचं, सकाळी समुद्रात कयाकिंग, रात्री किनाऱ्यावर तंबू. रील म्हणतं, ‘पोहता येत नसलं तरी चालेल!’ पण नवशिका पूर्णपणे आयोजकाच्या भरवशावर असतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगच्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. म्हणून आधीच विचारा:

१. नोंदणी आहे का?
राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाला पर्यटन विभागाकडे नोंदणी करावी लागते. प्रमाणपत्राचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवा.

२. वारा पाहून उतरवणार का?
दुपारी वारा वाढला की लाटा वाढतात, म्हणून सकाळ बरी. पण वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल, तर हलकी कयाक आत लोटली जाते. सोबत गाइड आणि अंगावर घट्ट बसणारं लाइफ जॅकेट हवंच.

३. तंबू कुठे लावणार?
अमावस्या-पौर्णिमेला उधाणाचं पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. भरतीने वाळूवर सोडलेल्या काडीकचऱ्याच्या रेषेच्या बरंच वर तंबू हवा.

स्वस्त पॅकेजमध्ये नेमकी कशावर काटछाट झालीये, हे या तीन उत्तरांतून कळतं. आयोजकाने उत्तर टाळलं, तर ॲडव्हान्स देऊ नका.