सही झाली, पुढें काय?

रोग्यानें कागदावर सही केली कीं संशोधकाचें कर्तव्य संपलें, असें प्रतिपादणारे विद्वान आमच्या महाविद्यालयांतही भेटतात. त्यांनीं अमेरिकेंतील टस्कीगीकडे पाहावें. १९३२ सालीं तेथील सरकारी आरोग्यखात्यानें उपदंशाच्या अभ्यासासाठीं सुमारें ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुष निवडले. पैकीं ३९९ रोगग्रस्त होते. त्यांस रोगाचें नांव न सांगतां ‘रक्त बिघडलें आहे’ एवढेंच सांगितलें. आणि पाठीच्या कण्यांतील पाणी काढून तपासण्यास ‘खास मोफत उपचार’ हें गोंडस नांव दिलें! शवविच्छेदनास मान्यता मिळावी म्हणून अंत्यविधीच्या खर्चाची हमीही होती. मेल्यावरची तरतूद इतकी चोख. जिवंतपणीं मात्र औषध नाहीं.

समर्थक म्हणतात, या दरिद्री लोकांस एरवींही उपचार मिळाले नसते. सोमलयुक्त औषधें तेव्हांही होतीं, म्हणून हा युक्तिवाद आरंभापासूनच लंगडा; १९४७ पर्यंत पेनिसिलिन सर्वमान्य झाल्यावर तर तो कोसळलाच. ‘मिळालें नसतें’ आणि ‘मिळूं दिलें नाहीं’ या दोन गोष्टी एक नव्हेत. त्याच वर्षीं न्यूरेम्बर्गच्या न्यायासनानें जर्मन डॉक्टरांस दोषी ठरवितांना स्वेच्छेची संमति अनिवार्य मानिली. तरीही टस्कीगीचा प्रयोग, वृत्तपत्रांनीं वाच्यता करीपर्यंत, म्हणजे १९७२ पर्यंत चाललाच.

आतां सहीवाल्यांस एकच प्रश्न. समजा, सर्व कांहीं समजावून त्या ३९९ जणांच्या सह्या घेतल्या असत्या. तर हातीं असलेलें पेनिसिलिन रोखून त्यांच्या मरणाची वाट पाहत बसणें न्याय्य ठरलें असतें काय?