ठिणगीचा द्वारपाल

जुनें घर वारशानें हातीं आलें म्हणजे नवा धनी दोन प्रकारें वागूं शकतो. एक जण कुजलेली तुळई काढून तिच्या जागीं नवी बसवितो, आणि घर घरच राहतें. दुसरा सोयीच्या नांवाखालीं एकेक खण पाडीत जातो आणि शेवटीं वडिलांच्या घरांतलें कांहींच उरत नाहीं. पहिल्या कृत्यास आपण जीर्णोद्धार म्हणतों. दुसऱ्यास चांगलेंसें नांव नाहीं. हा भेद देवळांस व वाड्यांस लागू आहे हें सर्वांस ठाऊक आहे; परंतु तो मोटारीच्या एका मुठीएवढ्या डबीसही लागू पडतो, हें आज दाखवावयाचें आहे.

इंग्लंडांत अ‍ॅबिंग्डन गांवीं एम. जी. बी. नांवाची, दोन आसनांची, उघड्या टपाची मोटार १९६२ पासून तयार होऊं लागली. तिच्या सर्व प्रकारांच्या मिळून पांच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या आणि १९८० सालीं तो कारखानाच बंद झाला. त्यामुळें आज त्या गाडीचें रक्षण करणें हें सर्वस्वीं तिच्या धन्याचें काम आहे. ह्या धन्यांपुढें वारंवार येणारा प्रश्न असा: ठिणगी पाडणारी जुनी योजना तशीच ठेवावी, कीं बाजारांत मिळणारा विद्युत्-वर्धक, म्हणजे इग्निशन अ‍ॅम्प्लिफायर, तिच्या जागीं बसवावा?

प्रश्न समजावयाचा तर आधीं ठिणगी कशी पडते तें पाहिलें पाहिजे. बॅटरींत व्होल्ट अवघे बारा; प्लगच्या दोन टोंकांमधील फट ओलांडावयास लागतात हजारों. हें अंतर कॉइल भरून काढते. कॉइलमध्यें जाड तारेचे थोडे वेढे व बारीक तारेचे कित्येक सहस्र वेढे एकाच लोहगाभ्यावर असतात. जाड तारेंतून प्रवाह वाहत असतां तो अकस्मात् तोडला म्हणजे बारीक तारेंत प्रचंड दाब उत्पन्न होतो. घरांत वाहता नळ एकदम बंद केला तर भिंतींतील नळी धाडकन् वाजते. तशांतलाच हा प्रकार. म्हणून ठिणगी प्रवाह सुरू होतांना पडत नसून तो तुटतांना पडते, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावी.

प्रवाह जोडणारा व तोडणारा जो द्वारपाल, त्यास आपल्याकडील मेकॅनिक सी. बी. पॉइंट म्हणतात. पद्मिनी किंवा अँबॅसडर गाडी ज्यांच्या दारीं होती, त्यांनीं डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढून पॉलिश पेपरानें पॉइंट घासणारा मेकॅनिक खास पाहिला असेल. ही योजना अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग ह्यानें १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारींत रूढ केली व पुढें साठ वर्षांहून अधिक काळ जगांतील बहुतेक मोटारी तिच्यावरच चालल्या. द्वारपाल इमानी खरा, पण त्याच्या नोकरीचा हिशेब करून पाहा. चार सिलिंडरांच्या इंजिनांत दर फेऱ्यास दोन ठिणग्या लागतात. मिनिटास ३,००० फेरे धरले तर सेकंदास १०० ठिणग्या, आणि तासास ३,६०,०००! दर वेळीं तीन-चार अँपियरचा प्रवाह त्याच्याच तोंडावर तुटतो. कंडेन्सर त्याचा दाह पुष्कळसा शोषून घेतो, तरी पॉइंट हळूहळू जळतो व खडबडीत होतो. शिवाय त्याची टांच कॅमवर घासून झिजते. तेणेंकरून इंचाच्या सुमारें पंधरा सहस्रांश एवढी जी फट असावयाची ती कमी होते, आणि ठिणगी किंचित् उशिरां पडूं लागते.

१९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मास आला आणि ह्या द्वारपालास पर्याय मिळाला. ट्रान्झिस्टराचा गुण असा कीं, सूक्ष्म प्रवाहाच्या खुणेवरून तो मोठा प्रवाह जोडतो व तोडतो. त्यांत झिजणारें अंग नाहीं. वर्धकाचे मुख्य प्रकार दोन. एकांत पॉइंट राहतो, परंतु त्यानें केवळ खूण करावयाची. ओझें वर्धकानें वाहावयाचें. दुसऱ्यांत पॉइंटही जातो व त्याच्या जागीं चुंबक किंवा प्रकाशकिरण ह्यांच्या योगानें खूण होते.

येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. वर्धकानें गाडीस नवें बळ येतें, असें पुष्कळांस वाटतें. तें तसें नाहीं. योग्य रीतीनें लावलेला नवा पॉइंट साधारण वेगांत जें काम करतो, तेंच वर्धक करतो; फरक इतकाच कीं, तो तें दीर्घ काळ एकसारखें करतो. डिस्ट्रिब्यूटरचा दांडा झिजून डगमगत असेल, किंवा आंतील वजनांच्या कमानी सैल झाल्या असतील, तर वर्धक त्यांवर औषध नव्हे. आधीं रोगाचें निदान, मग उपचार.

आतां बसविण्याचा क्रम. पहिलें पाऊल हत्यार उचलण्यापूर्वींचें आहे: बॅटरीचें कोणतें टोंक गाडीच्या सांगाड्यास जोडलें आहे तें पाहावें. एम. जी. बी. च्या १९६७ पर्यंतच्या गाड्यांत धन टोंक सांगाड्यास जोडलेलें असे, त्यापुढें ऋण. उलट जोडणी झाली तर बहुतेक वर्धक क्षणांत निकामी होतात. दुसरें, कॉइलचा रोध मोजावा. तीन ओहमच्या कॉइलमधून बारा व्होल्टांस चार अँपियर वाहतात, दीड ओहमच्या कॉइलमधून आठ. वर्धकाबरोबर आलेल्या कागदावर जी मर्यादा दिली असेल तिच्याबाहेर जाऊं नये. उत्तरकालीन गाड्यांत कॉइलच्या वाटेंत रोधक तार असते. वर्धकास पूर्ण बारा व्होल्ट हवे असतील तर त्याची तार त्या रोधकाच्या अलीकडून घ्यावी.

ह्यानंतर बॅटरी सोडवावी, पहिल्या सिलिंडरची ठिणगीची वेळ जुळवून रोटरच्या जागेची खूण करावी, आणि मगच पॉइंट व कंडेन्सर काढावे. नवीन तारा डिस्ट्रिब्यूटरच्या आंत इतक्या सैल असाव्या कीं आंतील तबकडी फिरतांना ताणल्या जाऊं नयेत, आणि इतक्या बांधलेल्या असाव्या कीं रोटरास लागूं नयेत. वर्धकाचा खरा वैरी उष्णता. जग्वार कंपनीच्या बारा सिलिंडरांच्या कांहीं गाड्यांत तो आरंभीं इंजिनाच्या दोन रांगांमधील खळग्यांत बसविला होता. तेथील तापानें तो बिघडत असे, म्हणून पुढें त्यास थंड जागीं हलवावें लागलें. तेव्हां धूर जाण्याच्या नळीपासून दूर, स्वच्छ घासलेल्या पत्र्यावर, उष्णतावाहक लेप लावून तो घट्ट बसवावा. शेवटीं, इंजिन चालू असतां स्ट्रोब दिव्यानें ठिणगीची वेळ तपासावी. त्या वेळीं प्लगच्या तारेस उघड्या हातानें स्पर्श करूं नये. हृदयांत पेसमेकर बसविलेल्या माणसानें तर चालत्या इंजिनावर वांकूंच नये.

इतकें करूनही एक गोष्ट उरते, आणि माझ्या मतें तीच सर्वांत महत्त्वाची आहे. जुना पॉइंट मरतो तो म्हाताऱ्या माणसासारखा, आधीं सूचना देऊन. गाडी अडखळते, सकाळीं लवकर सुरू होत नाहीं, आणि वाटेंत बंद पडलीच तर काचकागदानें घासून घरापर्यंत तरी आणतां येते. वर्धक बहुधा एकाएकीं जातो. रात्रीं निर्जन रस्त्यावर, बरोबर बायकामुलें असतां तो गेला, तर काचकागदाचा कांहीं उपयोग नाहीं. म्हणून काढलेला पॉइंट, कंडेन्सर व दोन लहान पाने पुरचुंडींत बांधून गाडींतच ठेवावे, आणि ते पुन्हां कसे बसवावे ह्याचा अभ्यास घरीं, दिवसाउजेडीं, एकदां तरी करावा. तसेंच वर्धकासाठीं गाडीच्या पत्र्यास शक्यतों नवीन भोंक पाडूं नये व मूळची तार कापूं नये. जो फेरबदल उद्यां परतवितां येतो तो जीर्णोद्धारांत मोडतो. परतवितां येत नाहीं तो करण्यापूर्वीं नातवाची संमति घेतली पाहिजे, आणि नातू तर अजून जन्मावयाचा असतो.

आपल्या शास्त्रकारांनीं योग आणि क्षेम असे दोन शब्द जोडीनें वापरले आहेत: जें नाहीं तें मिळविणें हा योग, जें आहे तें राखणें हा क्षेम. नवीन यंत्र विकत घेणारा योगाच्या मागें असतो आणि त्याची घाई क्षम्य आहे. परंतु जुनी वस्तु सांभाळणाऱ्यानें आपला धर्म क्षेमाचा आहे, हें विसरूं नये. त्यानें नव्याचा तिटकारा करूं नये. नवा द्वारपाल खुशाल ठेवावा. फक्त जुन्याला घराबाहेर घालवूं नये.