ब्रेकलाइटमध्ये फरक दिसला पाहिजे

मोटारसायकलच्या मागच्या एकाच काचेआड दोन दिवे राहतात. टेललाइट गाडी कुठे आहे ते दाखवतो, ब्रेकलाइट ती थांबू लागल्याचे सांगतो. मागून येणाऱ्याला हे दुसरे सांगणे कळते ते उजेड एकदम वाढल्यामुळे. म्हणून ब्रेकलाइटसाठी एलईडी निवडताना आधी दोन्ही उजेडांतला फरक पाहावा, प्रखरता त्यानंतर.

कम्यूटर गाड्यांमधला नेहमीचा दोन पॉइंटचा बल्ब या बाबतीत फार चांगला आहे. त्याची ५ वॅटची तार सुमारे ३५ ल्युमेन उजेड देते आणि २१ वॅटची सुमारे ४४०, म्हणजे बारा पटींहून जास्त. एकाच घरात दोन्ही दिवे असतील तर ब्रेकलाइट टेललाइटच्या किमान पाचपट असावा, असे संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचे नियम सांगतात. स्वस्त एलईडी बल्ब नेमका इथे कमी पडतो. काउंटरवर गिऱ्हाइकाला भुरळ घालावी म्हणून त्याचा टेललाइटच भडक केलेला असतो. ब्रेक दाबल्यावर वाढायला जागाच उरत नाही. २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि त्याच्यासोबत टेललाइटही दिवसभर जळतो. त्यामुळे हा फरक आता भर दुपारच्या उन्हातही दिसावा लागतो.

एलईडीचा खरा फायदा वेळेचा आहे. बल्बची तार तापून पूर्ण उजेड द्यायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो; एलईडी जवळजवळ तत्क्षणी लागतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्या वेळात तीन मीटरहून पुढे सरकते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कंपन्यांची पाळी सुटते तेव्हा नगर रस्त्यावर दुचाकी एकमेकींच्या मागे इतक्या खेटून धावतात की हे तीन मीटर म्हणजे धडक आणि बचाव यांमधले सगळे अंतर असते. नीट निवडलेला एलईडी बसवून घेण्याजोगा आहे, तो या कारणासाठी.

रंगाची चूक सर्रास होते. काच लाल असेल तर बल्बही लाल एलईडीचाच घ्यावा. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात लाल भाग थोडा असतो; लाल काच उरलेला बहुतेक अडवते आणि बाहेर फिकट, गुलाबीसर उजेड येतो. मात्र दिव्याच्या तळाशी नंबर प्लेटसाठी पारदर्शक खिडकी असते. लाल एलईडी लावला की प्लेटवर लाल उजेड पडतो, आणि नियमाला तिथे पांढरा हवा. अशा गाडीत खालच्या बाजूला पांढरे चिप असलेला बल्ब घ्यावा किंवा प्लेटसाठी वेगळा दिवा द्यावा. जुन्या बल्बची तार जिथे असते तिथे प्रकाश धरून रिफ्लेक्टर आखलेला असतो. सगळे चिप टोकाला असलेला बल्ब त्यात मधोमध एक झगझगीत ठिपका करतो आणि बाजूच्या गाड्यांना काहीच दिसत नाही. चारही बाजूंना चिप असलेला बल्ब रिफ्लेक्टर भरून टाकतो.

वायरिंग आधी तपासावे. बऱ्याच जुन्या कम्यूटर गाड्यांत टेललाइट एसीवर आणि ब्रेकलाइट बॅटरीवर चालतो. एसीवर साधा एलईडी लुकलुकतो. काही बल्बांत आतले डायोड निकृष्ट असतात आणि टेलचा करंट ब्रेकच्या पॉइंटकडे उलटा जाऊन ब्रेकलाइट अर्धवट जळत राहतो. होल्डरचा गंज आणि सैल अर्थ यांनी नवा बल्बही मंद दिसतो.

उष्णतेकडे फारसे कोणी बघत नाही. लाल एलईडी तापला की त्याचा उजेड घटतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेलेला, गाडी दिवसभर उन्हात उभी, आणि मग कन्नडच्या घाटात उतरताना ब्रेक मिनिटामिनिटाने दाबलेला: अशा वेळी केवळ रेझिस्टर टाकून करंट रोखणारा बल्ब आधी मंदावतो, मग एकेक चिप सोडतो. करंट स्थिर ठेवणारा ड्रायव्हर असलेला बल्ब महाग पडतो, पण गिऱ्हाइकाला तोच सुचवावा.

लुकलुकणारे ब्रेकलाइट बसवू नयेत. ब्रेकलाइट स्थिर असावा हा संकेत आहे; लुकलुकणारा दिवा वळणाचा की धोक्याचा, हे ठरवण्यात मागच्याचा वेळ जातो. त्याच मॉडेलचा एलईडी प्रकार कंपनी विकत असेल तर बल्ब बदलण्यापेक्षा कंपनीचा पूर्ण दिवा बसवणे केव्हाही श्रेयस्कर, कारण त्याचा रिफ्लेक्टर, काच आणि एलईडी एकत्र आखून एकत्र तपासलेले असतात. ज्या शहरात १९८५ पासून बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना आहे आणि दुचाकींचे दिवे बनवणारी व्हेरॉक आहे, तिथल्या गॅरेजने नक्षीदार नकली दिव्यांवर समाधान मानू नये.

बसवल्यानंतरची तपासणी उन्हात करावी. इंजिन चालू ठेवून वीसेक पावले मागे उभे राहावे आणि कोणाला तरी आधी फक्त पुढचा लिव्हर, मग फक्त मागचा पेडल दाबायला सांगावे. मागच्या ब्रेकचा स्विच बहुधा सैल असतो. पेडल ब्रेक धरायच्या आधी दिवा लागेल इतका तो वर घ्यावा. हीच तपासणी दोन्ही बाजूंनी तिरके उभे राहूनही करावी. शेवटी ब्रेक दहा मिनिटे दाबून ठेवावा, आणि उजेड सुरुवातीपेक्षा डोळ्याला कमी वाटला तर तो बल्ब परत करावा.