वस्तऱ्याचा गंज

ज्या घरीं आजोबांचा वस्तरा अद्यापि पेटींत जपून ठेविला आहे, आणि एखाद्या नातवास त्याच वस्तऱ्यानें दाढी करण्याची हौस आहे, त्या घरच्या मंडळींस आम्ही आज दोन शब्द सांगूं इच्छितों. असा वस्तरा वापरल्यामुळें सहसा बिघडत नाहीं. तो बिघडतो दोन दाढ्यांच्या मधल्या अवधींत, मिटून ठेविलेल्या स्थितींत.

याचें कारण त्याच्या पोलादांतच आहे. शेफील्डचा असो कीं सोलिंगेनचा, जुन्या वस्तऱ्याच्या पोलादांत सामान्यतः शेंकडा १ च्या आसपास कार्बन असतो. त्यामुळें त्यास पाणी उत्तम चढतें व धार टिकते. परंतु गंज रोखणारें क्रोमियम त्यांत जवळजवळ नसतें. शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यांनीं क्रोमियमयुक्त पोलाद तयार केलें तें १९१३ सालीं. आजोबांचा वस्तरा बहुधा त्या कुळांतला नव्हे. हवेंतील सापेक्ष आर्द्रता शेंकडा ६० च्या वर गेली, कीं उघडें पोलाद अधिक वेगानें गंजूं लागतें; मुंबई-कोंकणांत भर पावसाळ्यांत ती ८० च्याहि वर असते. पाठीवरचा डाग केवळ रूप बिघडवितो. धारेचें तसें नाहीं. तिची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनहि कमी. तेथें डोळ्यांस न दिसणारा गंजहि तिला खाऊन टाकतो.

बहुतेक जण पातें पुसतात, पण मूठ विसरतात. मुठीच्या दोन फळ्यांमधील फटींत, खिळीजवळ, साबणाचें पाणी राहतें, व पातें मिटतांच तें त्यास लागतें. म्हणून मूठ शक्यतों भिजूंच देऊं नये. दाढी झाल्यावर पातें स्वच्छ धुवावें. मऊ, जुन्या सुती फडक्यानें पाठीकडून धारेकडे पुसावें. धारेवरून आडवें पुसूं नये. टीपकागदाची अरुंद पट्टी मुठीच्या फटींत सारून आंतील ओल टिपून घ्यावी. नंतर कोरड्या कापडी पट्ट्यावर आठ-दहा हलके हात मारावे, आणि मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा जागीं वस्तरा तासभर उघडा ठेवावा.

रोजचा वापर असल्यास एवढें पुरे. चार दिवस वस्तरा पडून राहणार असेल, अथवा पावसाळा असेल, तर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पात्यास दोन्ही बाजूंनीं पातळसा लावावा, व पुढील दाढीपूर्वीं तो पुसून टाकावा. घरांत खोबरेल हाताशीं असतें. तें थोड्या दिवसांपुरतें चालेल, पण पुढें खवट होतें व थंडींत थिजतें. जवसाचें तेल मात्र लावूंच नये. तें वाळून चिकट बसतें.

ठेवण्याची जागाहि महत्त्वाची. न्हाणीघर वर्ज्य. चामड्याची पिशवी शोभिवंत खरी, पण चामडें ओल धरून ठेवतें. लांकडी पेटी व तींत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी, ही व्यवस्था उत्तम. हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या कित्येक जुन्या मुठी सेल्युलॉइडच्या असतात. तें कुजूं लागलें म्हणजे त्यांतून आम्लयुक्त वायु निघतो, व कोरड्या पात्यासहि गंज चढतो. मुठींत झांकला जाणारा भागच तेवढा वारंवार गंजत असेल, तर मूठ बदलून घ्यावी.

एकत्र कुटुंबांत आणखी एक अडचण असते. जी वस्तु सर्वांची, ती पुसण्याचें काम कोणाचेंच नसतें. जो तो मागल्यानें पुसली असेल असें धरून चालतो. शिवाय एकाच वस्तऱ्यानें अनेकांनीं दाढी केल्यास बारीकशा जखमेंतील रक्तावाटें हिपॅटायटिस-बी सारखे रोग एकाकडून दुसऱ्याकडे जाऊं शकतात. तेव्हां घरांतील वडील माणसांनीं वस्तरा कोणा एकाच्या स्वाधीन करावा. वापरणाराहि तोच, पुसणाराहि तोच. दाढीनंतरचीं पांच मिनिटें त्यानें वस्तऱ्यास दिलीं, तर पुढच्या पिढीसहि तो धारेसकट मिळेल.