जाहीर आवाहन : शीट घेण्याआधी तुकडा आणून दाखवा



आषाढ संपत आला की आपल्या सामायिक कार्यशाळेच्या वहीत लेझर कटरच्या वेळा पटापट भरू लागतात, आणि अर्धा श्रावण सरेपर्यंत रात्री नऊनंतरचीच जागा उरते. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून मखरं एमडीएफची, प्लायची, पुठ्ठ्याची झाली. पूर्वी गरम तारेनं व्हायचं ते काम आता आमच्या मशिनवर येतं. यायलाच हवं, त्यासाठीच ते घेतलंय. मंडळांचे कार्यकर्ते, पॉलिटेक्निकची मुलं, रांगोळीचे छाप करून विकणाऱ्या बचत गटाच्या ताई, घराच्या पाटीसाठी येणारे निवृत्त मास्तर, तुम्हा सर्वांना ही विनंती आहे. मुख्य गोष्ट इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कुणी वाचलं नाही तरी चालेल : शीट विकत घेण्याआधी तिचा हाताएवढा तुकडा आम्हाला आणून दाखवा.

गेल्या श्रावणात एका मंडळाची दोन पोरं पांढरीशुभ्र, हलकी, पाच मिलिमीटर जाडीची शीट घेऊन आली. “सनबोर्ड आहे का रे?” मी विचारलं. “नाही काका, फोम शीट आहे. दुकानदार म्हणाला, लेझरवर चालते.” रात्रीचे साडेदहा वाजलेले, दोघांची तोंडं उतरलेली. मी वहीत ‘फोम शीट’ असं लिहिलं आणि जॉब लावला. पहिली कमान अर्धी होईपर्यंत डोळे चुरचुरायला लागले, घसा धरला. तो वास तुम्हीही ओळखाल : संडास धुवायच्या ॲसिडचा. मशीन थांबवलं, खिडक्या उघडल्या, पोरांना बाहेर काढलं. चूक पोरांची नव्हती. दुकानदाराचीही फारशी नव्हती; तो शीट विकतो, लेझर चालवत नाही. मशिनपाशी मी होतो. पस्तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसानं नुसत्या नावावर विसंबून माल बेडवर ठेवला.

सनबोर्ड, फोम शीट, फोम बोर्ड, बाजारात नावं बरीच आहेत आणि आत बहुतेक वेळा पीव्हीसी असतं. पीव्हीसीत क्लोरीन असतो. किरणानं ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, आणि हवेतला ओलावा मिळाला की त्याचंच ॲसिड होतं. श्रावणातल्या हवेत ओलावा किती असतो ते सांगायला नको. पंधरा दिवसांत मशिनच्या रेल्सवर तांबूस ठिपके उमटले, महिन्याभरात दोन बेअरिंग बदलावी लागली. फुप्फुसं उघडून बघता येत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल बोलत नाही.

फ्लेक्सचं कापड म्हणजे पीव्हीसीच. बॅगा-सीटकव्हरवालं रेक्झीनही बहुधा तेच. गाडीवर नाव टाकायला जे ‘रेडियम’ चिकटवतात, तेही. ओळखायची एक जुनी रीत आहे. तांब्याची तार गॅसच्या ज्योतीत लाल करायची, प्लॅस्टिकला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, ती शीट आमच्या दारातून परत. ही परीक्षा कृपया घरी स्वयंपाकघरात करू नका. मागच्या अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, आम्ही करतो. त्यासाठीच तर तुकडा मागतोय.

बाकीच्या मालाचं थोडक्यात. एमडीएफ, प्लाय, साधं लाकूड, पुठ्ठा, सुती कापड, ॲक्रिलिक चालतं. ॲक्रिलिकमध्ये ओतीव शीट घ्या. तिच्यावर कोरलेलं पांढरं, दुधी उठून दिसतं. दाबून काढलेल्या स्वस्त शीटवर ते फिकं पडतं आणि कड चिकट होते. पॉलिकार्बोनेट नको, ते पिवळं पडतं, काजळतं आणि पेट घेतं. थर्माकोल बंदीमुळे कुणी आणत नाही हे बरंच आहे, कारण लेझरखाली ते क्षणात भडकतं. चामड्यात बाभळीची साल आणि हिरडा लावून कमावलेलं, कोल्हापुरी चपलेचं चामडं चालतं. वास येतो, पण तो सहन होण्यातला. क्रोमनं कमावलेलं चामडं आम्ही घेत नाही. पत्रा या मशिनवर कापला जात नाही, आणि चकचकीत पत्रा किरण परत फेकतो. तेव्हा “थोडा प्रयत्न करून बघू” असं म्हणू नका.

दुसरी विनंतीही पहिल्याइतकीच गंभीर आहे. जॉब सुरू असताना मशिनसमोरून हलायचं नाही. चहाला नाही, फोनला नाही, लघवीलाही नाही. लेझर कापतो म्हणजे जाळतोच, फक्त अगदी बारीक रेषेत. नोझलमधून येणारा हवेचा झोत ज्योत विझवत राहतो. कॉम्प्रेसरचा पाइप निसटला, शीट वाकून नोझलला अडकली किंवा एकच रेषा फाइलमध्ये दोनदा आली, की ती बारीक ज्योत मोठी व्हायला अर्धं मिनिट पुरतं. सर्वांत दगाबाज ॲक्रिलिक. ते जळताना धूर फारसा करत नाही, गाजावाजा करत नाही, आणि जळते थेंब खाली टाकत राहतं. खालच्या ट्रेमध्ये मागच्या माणसाचा भुसा साचलेला असेल, तर पुढचं तुम्हीच समजा. म्हणून काम संपलं की ट्रे झाडून जा. एमडीएफचे तुकडे प्लॅस्टिकच्या डब्यात टाकू नका, पत्र्याच्या डब्यात टाका. त्यांच्या कडेत धग राहते, वरून दिसत नाही. शेवटचा जॉब ज्याचा, त्यानं त्यानंतर दहा मिनिटं तिथेच बसायचं.

ज्योत दिसली तर आधी लाल बटण. आपल्याकडे त्या एका बटणानं किरण, कॉम्प्रेसर आणि पंखा तिन्ही बंद होतात, आणि बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर बाजूला टांगलेलं फायर ब्लँकेट, आणि तेही कमी पडलं तर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. पाणी अजिबात नाही, आत हजारो व्होल्टचा वीजपुरवठा आहे. पावडरचा सिलिंडर आग विझवतो, पण पावडर आरशांत आणि पट्ट्यांत जाऊन बसते, म्हणून तो शेवटी. आणि आग झाकणाबाहेर आली तर मशीन गेलं खड्ड्यात. माणसं बाहेर काढा आणि १०१ लावा.

झाकणाचंही एक सांगायचंय. ते उघडलं की किरण बंद होतो, कारण तिथे एक स्विच आहे. मागच्या वर्षी कुणीतरी त्याला चुंबक चिकटवून ठेवलेलं आढळलं. उघड्या झाकणानं काम बघायची हौस कळते, पण कापणारा किरण दिसतच नाही. जो लाल ठिपका दिसतो तो फक्त जागा दाखवणारा. खरा किरण १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा, डोळ्याला न दिसणारा. ॲक्रिलिक किंवा काच त्याला अडवते, म्हणून बंद झाकण पुरेसं आहे आणि उघडं झाकण धोक्याचं. जाता जाता : हा कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी पहिल्यांदा चालवून दाखवला. त्यांचा जन्म बारामतीचा, १९३८ चा, आणि इंजिनिअरिंग पुण्याच्या सीओईपीत झालेलं. मुलांना हे सांगितलं की ती मशिनकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतात, असा माझा अनुभव आहे. घरी मागवलेली निळ्या किरणाची उघडी मशीनं मात्र निराळी. तो किरण पारदर्शक ॲक्रिलिकमधून आरपार जातो, तिथे योग्य चष्म्याशिवाय बसू नका.

आता काम चांगलं कसं होईल ते. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त शीट वाया जाते ती देवनागरीमुळे. म्हणजे देवनागरीचा दोष नाही, आपल्या फाइलचा.

घरी फाइलमध्ये ‘सार्वजनिक’ असं दिसतं. पेन ड्राइव्हवरून आमच्या संगणकावर उघडलं, आणि तुमचा फॉन्ट इथे नसला, की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो आणि वेलांटी अक्षराच्या पुढे पळते. म्हणून घरून निघतानाच अक्षरांचं कर्व्हमध्ये रूपांतर करून आणा. पण तेवढं पुरत नाही. आपल्या लिपीत प्रत्येक अक्षराची शिरोरेखा वेगळी असते आणि ती शेजारच्या शिरोरेखेवर थोडी चढते. पडद्यावर सलग रेघ दिसते. लेझरला मात्र प्रत्येक अक्षराची कड वेगळी दिसते, आणि तो प्रत्येक सांध्यावर इमानेइतबारे उभा काप मारतो. मग ‘गणेश’ उचलायला जावं तर हातात ग, णे आणि श वेगवेगळे येतात. कोरलमध्ये वेल्ड करा, इंकस्केपमध्ये युनियन करा, आणि मग बाह्यरेषा मोठी करून प्रत्येक सांधा डोळ्यांनी तपासा. दोन मिनिटांचं काम आहे.

छाप कापायचा असेल तर उलटी अडचण. ‘दिवाळी’ हा शब्द घ्या. व चं पोट आणि ळ ची दोन्ही भोकं सुटून पडतात, आणि छापातून रांगोळी टाकली की नुसते गोळे उमटतात. त्या पोटांना बारीक पूल ठेवावे लागतात. बचत गटाच्या ताईंना हे कुणी शिकवावं लागलं नाही, पहिल्याच छापात त्यांच्या लक्षात आलं. आता मंडळाची पोरं त्यांना विचारायला जातात.

मखर खाचांनी जोडायचं असेल तर दुकानदाराच्या ‘तीन एमएम’वर विश्वास ठेवू नका. तीच शीट एका टोकाला २.७ भरते आणि दुसऱ्या टोकाला ३.१. व्हर्नियर टेबलावर ठेवलाय, चार ठिकाणी मापा. शिवाय किरण स्वतः साधारण दोन दशांश मिलिमीटर माल खातो, तेवढी खाच सैल होते. आधी एका कोपऱ्यात दोन खाचा कापून जोडून बघा, मग पूर्ण शीट लावा. क्रम असा ठेवा : आधी कोरीव काम, मग आतली भोकं, शेवटी बाहेरची कड. कड आधी सुटली तर तुकडा हलतो आणि बाकी सगळं सरकतं.

एकाच फटक्यात आरपार गेलं नाही तर पॉवर शंभरवर नेऊ नका. दहापैकी आठ वेळा भिंग काजळलेलं असतं किंवा फोकस चुकलेला असतो. पूर्ण पॉवरवर काचेची ट्यूब लवकर थकते, आणि नवी ट्यूब हजारोंच्या घरात पडते, ती आपल्या सगळ्यांच्या वर्गणीतून. भिंगाला बोट लावू नका. पुसायचं असेल तर मला किंवा त्या दिवशीच्या स्वयंसेवकाला हाक मारा.

चिलरचं पाणी आम्ही डिस्टिल्ड भरतो, नळाचं ओतू नका. पावसाळ्यात त्याचं तापमान २५ अंशांच्या खाली आणू नका. “थंड असलेलं चांगलं” म्हणून एका सज्जनांनी ते १७ वर नेलं होतं. ट्यूबवर दव धरलं, ताकाच्या पेल्यावर धरतं तसं, आणि विजेच्या टोकाशी ठिणग्या उडाल्या. लाइट गेली तर आल्यावर आधी चिलर, मग पंखा, मग मशीन. अर्धवट जॉब तिथूनच पुढे चालू करायच्या फंदात पडू नका.

वेळेबद्दल. पूर्ण भरीव फोटो कोरायला तास-दीड तास लागतो, तेवढ्यात तीन मखरांच्या कडा कापून होतात. सणाच्या आधी भरीव फोटो नकोत. पाटीवाल्या मास्तरांनी कृपया रागावू नये, अनंत चतुर्दशीनंतर मशीन त्यांचंच.

आणि एक खुलासा, कारण तो दरवर्षी करावा लागतो. आम्ही कटिंगचं दुकान नाही. २००२ साली पाबळच्या विज्ञान आश्रमात फॅब लॅब उभी राहिली, ती आपल्याकडच्या अशा कार्यशाळांची थोरली बहीण. तिथे माणूस काम करता करता शिकतो, आणि आम्हीही तोच कित्ता गिरवतो. मशीन तुम्ही चालवायचं, आम्ही शेजारी उभे राहू. पहिल्यांदा येणाऱ्यानं अर्धा तास आधी यावं, तेवढ्यात बटणं, झाकण आणि सिलिंडर दाखवून होतं. पोरांबरोबर मंडळातलं कुणीतरी मोठं माणूस असावं.

मंडळांनी शीटचा तुकडा रोज संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान आणून द्यावा, मागे मंडळाचं नाव आणि दुकानात सांगितलेलं मालाचं नाव पेन्सिलीनं लिहून. दुसऱ्या दिवशी उत्तर मिळेल. तोवर शीट उचलू नका, आणि उचललीच असेल तर परत घेतात का ते दुकानदाराला आजच विचारून ठेवा.

आपले,
कार्यशाळेतले स्वयंसेवक