हसण्यावारी नेलेला कारभार

आपल्या सार्वजनिक चर्चेत 'हास्यास्पद' हे विशेषण अलीकडे फार स्वस्त झाले आहे. विरोधी पक्ष सरकारच्या निर्णयाला हास्यास्पद म्हणतो, सरकार विरोधकांच्या आक्षेपाला हास्यास्पद म्हणते, आणि वाचक दोघांनाही हसून पुढचे पान उलटतो. शब्द कठोर वाटतो खरा. परंतु तो उच्चारला की विचार करण्याची जबाबदारी पार पडल्यासारखे वाटू लागते. हास्याचे आस्पद, म्हणजे हसण्याचे ठिकाण, एवढाच त्याचा अर्थ. त्या ठिकाणी काय बिघडले, कोणी बिघडवले आणि ते दुरुस्त कसे होईल, याविषयी हा शब्द काहीच सांगत नाही.

वस्तुतः मराठीत अशा प्रसंगांसाठी शब्दांची मुळीच वाण नाही, आणि त्यांतील प्रत्येक शब्द निराळा आरोप करतो. 'आचरट' म्हटले की दोष वागणुकीवर येतो, 'खुळचट' म्हटले की समजुतीवर. 'विसंगत' म्हटले तर दोन नियमांचा आपसात मेळ नाही, एवढाच मुद्दा उरतो. तो तपासता येतो आणि दुरुस्तही करता येतो. 'तुघलकी' म्हटले की सारा दोष एका व्यक्तीच्या लहरीवर जातो.

या शेवटच्या शब्दाचे उदाहरण महाराष्ट्राला जवळचे आहे. महंमद तुघलकाने १३२७च्या सुमारास आपल्या देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, राजधानीचा दर्जा दिला आणि पुढे दोन-तीन वर्षांनी चांदीच्या टंक्याच्या मोलाने तांब्यापितळेची नाणी चालू केली. या दुसऱ्या प्रयोगावरून सुलतानाची जेवढी टवाळी झाली तेवढी क्वचितच कोणाची झाली असेल. पण आपल्या खिशातील नोट तरी काय असते? कागदाच्या किमतीहून कितीतरी अधिक मोलाची, शासनाच्या शब्दावर चालणारी प्रतीक-मुद्राच ती. कल्पना वेडगळ नव्हती. बनावट नाणे ओळखता येईल असा बंदोबस्त टांकसाळीत नव्हता, ही खरी उणीव होती. त्यामुळे घरोघरी नाणी पडू लागली आणि ती परत घेऊन त्यांच्या बदल्यात सोनेचांदी देताना खजिना रिकामा होत गेला. 'तुघलकी' या एका शब्दाने आपण राजाच्या डोक्याला दोष देतो आणि यंत्रणेतील भोक विसरतो.

आजचे उदाहरण वस्तू व सेवा कराचे घेऊ. २०२० साली कर्नाटकातील अग्रिम निर्णय प्राधिकरणाने पोळी आणि मलबारी परोटा या भिन्न वस्तू आहेत असे ठरवले. पोळी तयार असते, परोटा खाण्यापूर्वी पुन्हा गरम करावा लागतो, असा त्यामागील युक्तिवाद होता. परिणामी पोळीवर ५ टक्के आणि परोट्यावर १८ टक्के कर ठरला. डिसेंबर २०२४मध्ये जैसलमेरच्या बैठकीनंतर जीएसटी परिषदेने पॉपकॉर्नविषयी खुलासा केला : मीठमसाल्याचे सुटे असेल तर ५ टक्के, वेष्टनात छापील नावानिशी असेल तर १२ टक्के, आणि साखरेचा पाक चढवलेले असेल तर ते मिठाईच्या वर्गात जाऊन १८ टक्के. दोन्ही वेळा देश पोटभर हसला.

हसणाऱ्यांचे चुकले असे नाही. मात्र हे निर्णय लिहिणारे अधिकारी खुळे नव्हते, हेही लक्षात घेतले पाहिजे. दर अनेक असले की दोन दरांमध्ये सीमा आखावी लागते. सीमा आखली की तिच्या दोन्ही बाजूंना दिसायला सारख्या वस्तू सापडतात. आणि मग कोणाला तरी पोळीची व परोट्याची व्याख्या करावी लागते. इंग्लंडमध्येही हेच घडले. तेथे केकवर मूल्यवर्धित कर शून्य, तर चॉकलेटचा लेप असलेल्या बिस्किटावर पूर्ण दराने. जाफा केक या खाद्यपदार्थाचा वाद १९९१मध्ये करविषयक न्यायाधिकरणापुढे गेला. शिळा झाला की केक कडक होतो आणि बिस्किट मऊ पडते, या कसोटीचाही तेथे विचार झाला आणि तो पदार्थ केक ठरला. वेडेपणाचे मूळ अशा रीतीने निकालात नसते, दरांच्या रचनेत असते.

मग सर्व वस्तूंवर एकच दर का लावू नये, असे कोणी विचारील. लोककथेतील अंधेर नगरीत नेमके हेच होते : भाजीही त्याच भावाने आणि मिठाईही त्याच भावाने. आपण त्यालाही हसतो. धान्यावर आणि चैनीच्या मोटारीवर एकच कर लादणे गरिबाला अन्यायकारक ठरेल. तेव्हा खरा प्रश्न दर किती असावेत आणि सीमा कोठे आखावी, हा आहे. त्याचे उत्तर विनोदात सापडत नाही.

हसण्याचे मोल सर्वांना सारखेही पडत नाही. सप्टेंबर २०२४मध्ये कोइमतूर येथे एका हॉटेलमालकाने केंद्रीय अर्थमंत्र्यांसमोर गाऱ्हाणे मांडले : साध्या बनवर कर नाही, त्यात क्रीम घातले की १८ टक्के; मग गिऱ्हाईक दोन्ही वेगवेगळे मागते. सभेत हशा पिकला. पुढे त्याच मालकाने मंत्र्यांची क्षमा मागितल्याची चित्रफीत प्रसृत झाली आणि ती प्रसृत झाल्याबद्दल मंत्र्यांच्या पक्षाच्या तामिळनाडूतील अध्यक्षांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. हसतील त्यांचे दात दिसतील, ही म्हण येथे आठवते. पण दात दिसण्याची भीती कोणाला वाटावी? त्या मालकाने कोणाची टिंगल केली नव्हती. त्याने एक विसंगती दाखवली होती, आणि तीही आपल्या बिलाच्या आधारे.

२२ सप्टेंबर २०२५पासून पोळी, परोटा, खाकरा या सर्वांवर शून्य कर झाला, आणि १२ व २८ टक्क्यांचे दर जवळपास रद्द होऊन मुख्यतः ५ व १८ टक्के हे दोनच उरले. सीमा कमी झाल्या, पण संपल्या नाहीत. त्यामुळे नवे वाद उद्भवणारच. त्या वेळी विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी, कचेरीत रोज नियमांशी झुंजणाऱ्या कारकुनांनी विशेषण वापरण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत : हा नियम कोणत्या दुसऱ्या नियमाशी जुळत नाही, आणि तो बदलण्याचा अधिकार कोणाला आहे? उत्तर मिळाल्यावर खुशाल हसावे. अन्यथा आपण कारभार हसण्यावारी नेतो, आणि कारभाऱ्यांना त्याहून सोयीचे काहीही नसते.